खापराची साक्ष



महोत्सवाच्या या सप्ताहांत आमच्या मुलांनीं शाळेच्या पडवींत जुन्या वस्तूंचें एक लहानसें प्रदर्शन मांडिलें आहे. त्याची हकीकत आपणांस सांगावी म्हणून आम्ही उभे आहों.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही मुलांस घेऊन धुळ्यास गेलों होतों. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं निराळा झाला. तोंपर्यंत धुळें हेंच आपलें जिल्ह्याचें ठिकाण. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं तेथेंच वारले, व त्यांच्या नांवानें १९२७ सालीं संशोधन मंडळ निघालें. या गृहस्थानें गांवोगांव पायपीट करून लोकांच्या घरचीं दप्तरें वाळवीच्या तोंडून सोडविलीं. मंडळाच्या संग्रहालयांत ताम्रपट, नाणीं व मूर्ति पाहून होतांच एका मुलानें विचारिलें, "फादर, यांत आमचें काय आहे?"

उत्तर आम्हांस तत्काळ सुचलें नाहीं. परततांना प्रकाशें लागलें तेव्हां सुचलें. तापी-गोमाईच्या संगमावरील तेथील टेकाड १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं खणिलें, आणि वस्तीवर वस्ती असे चार कालखंड उकलले. सर्वांत खालची वस्ती तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची. तेथें निघालीं तीं बहुतेक फुटकीं खापरेंच! परंतु कोणतें खापर कोणत्या थरांत सांपडलें हें लिहून ठेविलें, म्हणून तीं बोलूं लागलीं. तेंच खापर वाटेवर पडलें असतें तर मुका दगड आणि तें सारखेंच.

आतां पडवींतील जात्याकडे पाहा. सरदार सरोवराच्या बुडितांत अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें आलीं; मणिबेली त्यांतलें पहिलें. तेथून उठून आलेलीं कांहीं कुटुंबें आज आपल्यांतच बसलीं आहेत. त्यांच्या गांवाचे थर कोणी खणणार नाहीं. घर मोडून ट्रकमध्यें चढवितांना यांतल्या एका आजीनें हट्ट धरिला कीं, पत्रे राहिले तरी चालतील, जातें घ्या. मुलांनीं त्यावर चिठ्ठी लाविली, "जुनें जातें." ती वाचून दाखवितांच आजी म्हणाली, "जुनी तर मीही आहें. गांव कुठें लिहिलें?"

चिठ्ठी पुन्हां लिहिली. आतां तिच्यावर गांव आहे, पाडा आहे, आजीच्या सासूचें नांव आहे.

आम्ही स्वतः या बाबतींत निर्दोष नाहीं. पूर्वीं एका जुन्या इमारतीची सफाई करवितांना धान्य मोजण्याचें लांकडी माप आम्हीं चुलींत जाऊं दिलें. तें कोणाचें, हें सांगूं शकणारा म्हातारा तेव्हां ओट्यावरच बसला होता. आम्हीं त्यास विचारिलें नाहीं. आतां तो हयात नाहीं.

चांदीची हांसळी सराफाकडे वजनावर जाते. अडचण कोणास सांगून येत नाहीं, म्हणून विकूं नका असें आम्ही म्हणणार नाहीं. विकण्यापूर्वीं एकदां इकडे आणा. रविवारीं मिस्सा झाल्यावर मोठीं मुलें वही घेऊन पडवींत बसतील. वस्तु दाखवा, तिची हकीकत सांगा व वस्तु घरीं घेऊन जा. ज्यांस चालवत नाहीं त्यांच्या घरीं मुलें येतील. तेवढें घर मात्र आज जातांना सांगून ठेवा.