शेणातले नत्र आणि न दिसणारे कामकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय शेणाचा आहे हे कळताच मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली! परंतु सकाळी बंद गोठ्याचे दार उघडताना डोळे चुरचुरतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळजणींचा आहे. तो वास अमोनियाचा, म्हणजे शेणमुतातल्या नत्राचा. नत्र हे पिकाचे अन्न खरे. पण जमिनीला पचेल त्याहून अधिक झाले की त्याचे नायट्रेट होऊन ते पावसाबरोबर विहिरीत झिरपते.

अमेरिकेत आयोवा येथील डॉ. कॉम्ली यांनी १९४५ साली दाखवून दिले की, अशा विहिरीच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध प्यालेली तान्ही मुले निळी पडतात. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच कमी होते. आपल्याकडील मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. आणि एक गोष्ट घरोघरी सांगा : पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि ते अधिक दाट होते.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात त्या देशातील निम्म्याहून अधिक डुकरे पाळली जातात. त्यांचे मलमूत्र शेतांना पुरून उरते, ओढ्यांतून समुद्रास मिळते आणि किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर साचतात. २००९ साली अशा सडत्या शेवाळातल्या विषारी वायूने एक घोडा मेला. तेथे काही ठिकाणी हे मलमूत्र टाक्यांत घेऊन जीवाणूंच्या हवाली करतात.

दही लावताना आपण विरजणावर विश्वास टाकतो, तसेच हे. प्रथम टाकीत हवा सोडतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. हे जीवाणू विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास वेगळे काढले. मग हवा बंद करतात. आता दुसरे जीवाणू श्वासासाठी नायट्रेटातला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेले नत्र वायुरूपाने निघून जाते. आपल्या भोवतालच्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग तेच असते, म्हणून त्याचे भय नाही. हवेचे गणित चुकले तर मात्र नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो पृथ्वीचा उष्मा वाढवतो. थंडीत तर विरजणाप्रमाणे हेही सुस्तावतात.

हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १९९०नंतर हवेवाचून भागवणारे आणखी एक जीवाणू सापडले. ते मोठे किफायती, पण वाढीला फार हळू.

आता माझे मत. शेतच नसलेल्या मोठ्या गोठ्यांना हा उपाय ठीक. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी चांगले खत हवेत का उडवावे? आपला उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला हलवावा आणि त्यावर पावसात छप्पर घालावे, एवढे पुष्कळ आहे.

दाराशी धुतलेल्या बाटल्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी विहिरीचे पाणी पितात त्यांनी एकेक न्यावी आणि भरून सोमवारपर्यंत मंडळात आणून द्यावी. मंगळवारी नमुने तपासणीला जाणार आहेत.