पेटींतला किल्ला आणि अंगणांतला किल्ला

पावसानें पाठ फिरविली आणि दिवाळी पंधरवड्यावर आली, म्हणजे वसई-विरारच्या वाड्यांतून आणि इमारतींच्या आवारांतून मुलांची एक निराळीच धांवपळ सुरू होते. कोणी जुनें गोणपाट मागून आणतो, कोणी दगड गोळा करतो, कोणी आईची नजर चुकवून स्वयंपाकघरांतली मोहरी आणि हळीव खिशांत भरतो. दिवाळीचा किल्ला उभा राहावयाचा असतो. त्याच दिवसांत खेळण्यांच्या दुकानीं एक चकचकीत पेटी मांडलेली दिसते. तिच्या झांकणावर परीकथेंतला एक किल्ला छापलेला असतो: उंच मनोरे, निमुळतीं निळीं छपरें, साखळीनें वर ओढावयाचा पूल आणि तटामागून डोकावणारा पंखवाला ड्रॅगन. आंत शेंकडों, कधीं हजारांहून अधिक, प्लॅस्टिकच्या विटा आणि तो किल्ला कसा रचावा हें चित्रांनीं सांगणारी पुस्तिका. किंमत वाचून बापाचा हात खिशापाशीं थबकतो, आणि मुलाचा हात पेटीवरून निघत नाहीं. पेटी घ्यावी कीं घेऊं नये? 'परदेशी थेर' म्हणून ती झिडकारणें जितकें सोपें, तितकेंच 'बुद्धीस चालना देणारें खेळणें' म्हणून डोळे मिटून विकत घेणेंही सोपें आहे. दोन्हींत विचार थोडा.

या पेटीचें कूळ चांगलें आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानें १८३७ च्या सुमारास लहान मुलांसाठीं जीं साधनें तयार केलीं, त्यांतील एक म्हणजे आठ लहान ठोकळ्यांनीं बनलेला लांकडी घन. मुलानें तो मोडावा, त्याची खुर्ची करावी, जिना करावा, आणि पुन्हा घन करून ठेवावा. पुढें ठोकळे दगडाच्या भुकटीचे झाले, धातूच्या पट्ट्या व स्क्रू आले, आणि डेन्मार्कमधील बिलुंड या गांवच्या लेगो कारखान्यानें २८ जानेवारी १९५८ रोजीं एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचें पेटंट मागितलें. या विटेचें सामर्थ्य गणितानें पाहावें. माथ्यावर आठ उंचवटे असलेल्या एकाच रंगाच्या सहा विटा एकमेकींत ९१,५१,०३,७६५ प्रकारांनीं जुळवितां येतात. त्याच कारखान्याचा पहिला मोठा किल्ला १९७८ सालीं निघाला, आणि तो होता पिवळाधमक! करड्या विटा दिल्या तर मुलें रणगाडे करतील, अशी मालकांस धास्ती होती म्हणतात. किल्ला मुलांच्या हातीं द्यावयाचा, पण युद्ध द्यावयाचें नाहीं, असा हा संकोच.

पेटीचा खरा गुण मात्र तिच्या चित्रांत नसून तिच्या विटेंत आहे. एका थरांतील सांध्यावर वरच्या थराचा सांधा आला तर भिंत उकलते, हें गवंड्याच्या हाताखालीं उमेदवारी करणाऱ्यास पहिल्याच आठवड्यांत शिकावें लागतें; तें सात वर्षांच्या मुलास कोणीही न सांगतां कळतें. चूक दिसते, आणि ती दुरुस्त करतां येते. विट काढली, दुसरी बसविली, कोणी रागावलें नाहीं. वसईचा पावसाळा चार महिने मुलांना घरांत कोंडून ठेवतो, त्या दिवसांत ही पेटी आईला मोठाच आधार होते. आणखी एक गोष्ट मोकळेपणानें कबूल केलेली बरी. अंगणांतला किल्ला हा पुष्कळ ठिकाणीं मुलग्यांचा प्रांत मानला गेला. मुलींनीं त्याच्यासमोर रांगोळी काढावी, फार तर मावळे मांडावे, एवढीच त्यांची वाटणी. पेटींतील विट हातांत घेणाऱ्याची जात-पात पाहत नाहीं, मुलगा कीं मुलगी हेंही पाहत नाहीं. (पेट्यांचे रंग ठरविणारे व्यापारी तें पाहतात, ही गोष्ट वेगळी.) पायांनीं अधू असलेलें मूलही जेवणाच्या टेबलावर तट उभारूं शकतें, आवारांतल्या चिखलांत त्याला कोण नेणार?

आतां झांकणावरच्या चित्राकडे वळूं या. हे उंच, सुईसारखे मनोरे आले कोठून? बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानें १८६९ सालीं एका डोंगरकड्यावर नॉयश्वानस्टाइन नांवाचा प्रासाद बांधावयास घेतला. त्याची पहिलीं कल्पनाचित्रें रंगविलीं तीं ख्रिस्टियान यांक यानें, आणि हा गृहस्थ शिल्पशास्त्री नव्हता. नाटकाचे पडदे रंगविणारा होता. तोफांपुढें असले मनोरे टिकत नाहींत हें युरोपला तोंवर शतकानुशतकें ठाऊक होतें. राजाला किल्ला नको होता, किल्ल्याचें स्वप्न हवें होतें. १८८६ सालीं तो मरण पावला तेव्हां काम अपुरेंच होतें. पुढें १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेची करमणूकनगरी उघडली, तिच्या मधोमध उभारलेल्या प्रासादानें हाच नमुना गिरविला, आणि तेथून तो जगभरच्या खेळण्यांत उतरला. म्हणजे पेटींतला किल्ला ही एका पडद्याच्या नकलेची नक्कल आहे. त्याचें देखणेपण कोणी नाकारीत नाहीं. पण ज्या मुलाला वसई रोड स्टेशनवरून बसनें थोड्याच वेळांत एका खऱ्या किल्ल्याशीं पोंचतां येतें, त्यानें 'किल्ला' या शब्दासरशीं तेंच चित्र मनांत आणावें, हें जरा चमत्कारिकच म्हटलें पाहिजे.

वसईचा किल्ला पाहावयास गेलेलें पेटीवालें मूल बहुधा प्रथम हिरमुसतें. मनोरे कोठें आहेत? भिंती अशा बुटक्या कां? बुरूज गोल नसून बाणाच्या टोंकासारखे कोनदार कां? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे: तोफ. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस तहानें दिली, आणि पुढच्या काळांत त्यांनीं हा तट उभारला. उंच भिंत म्हणजे तोफेला सोपें लक्ष्य. म्हणून भिंत ठेंगणी आणि जाड. गोल बुरुजाच्या पुढ्यांत एक जागा अशी राहते, कीं तेथें येऊन बसलेला शत्रू कोणत्याही तटावरून दिसत नाहीं. तोच बुरूज कोनदार केला कीं शेजारच्या बुरुजावरील तोफ त्याच्या अंगाला घासून मारा करूं शकते, आणि लपावयास जागा उरत नाहीं. एवढी विचारपूर्वक बांधलेली ही जागाही अखेर पडली. चिमाजी आप्पांच्या फौजेनें १७३९ च्या मे महिन्यांत सेबॅस्टियन बुरुजाखालीं सुरुंग उडविले, वरून जी गोष्ट होईना ती खालून साधली, आणि पोर्तुगीजांना तह करून वसई सोडावी लागली. तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या; एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत टांगलेली आहे. हें सगळें ऐकल्यावर मुलाचा हिरमोड टिकत नाहीं. पेटींतल्या ड्रॅगनला तट कां लागतो, याचें उत्तर मात्र पुस्तिकेंत नसतें. ज्या किल्ल्याला शत्रू ठाऊक नाहीं, त्याच्या भिंतीला जाडी कोणी द्यावी?

पेटीचा मोठा दोष येथेंच आहे, आणि तो तिच्या परकेपणाचा नव्हे. वसईचा तट तरी कोठें स्वदेशी हातांनीं आंखला होता! दोष असा, कीं किल्ला कसा असावा हें पेटी उघडण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. मूल पुस्तिकेच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निमूटपणें चालतें, एक विट हरवली तर रडकुंडीस येतें, आणि काम पुरें होतांच किल्ला कांचेच्या कपाटांत जाऊन बसतो. 'हात लावूं नकोस, मोडेल' असें त्याच मुलाला, त्याच्याच किल्ल्याविषयीं सांगितलें जातें. ज्या विटेच्या अंगीं ९१ कोटींचें वैविध्य, तिच्या वाट्याला एकच जागा यावी! पाहुण्यांना दाखविण्याची वस्तु म्हणून पेटी घेणारे आईबाप थोडे नाहींत.

मातीच्या किल्ल्याला पुस्तिका नसते. ओली माती ठराविक चढापलीकडे उभी राहत नाहीं, घसरते. मग पोटांत दगड घालावे लागतात. फार भिजविली तर वाळतांना तडकते. पायऱ्या आधीं कोरल्या तर माथ्यावरचें पाणी त्यांवरून वाहून त्या पुसून जातात. गुहेला छप्पर द्यावयाचें तर नारळाची करवंटी उपडी घालावी, हें कोणा मोठ्या मुलाला ठाऊक असतें, आणि तें तो धाकट्याला शिकवितो. धाकटा पुढच्या सालीं आणखी धाकट्याला. चार दिवसांत मोहरी उगवते आणि डोंगर हिरवा होतो. हें एकट्यानें करावयाचें काम नाहीं, त्यांत भांडणें होतात, फितुरी होते, तह होतात. वसईच्या ख्रिस्ती घरांतून नाताळचा गोठा करतांना हीच हौस डिसेंबरांत पुन्हा हात चिखलांत घालते. गवत, माती, दगड तेच, देखावा निराळा.

पण माती आहे कोठें? जुन्या वसईंत वाडीगणिक बावखल असे, केळीच्या बागा आणि पानवेली असत, आणि मागल्या दारीं हवी तेवढी माती. आज पुष्कळशीं बावखलें बुजवून त्यांवर इमारती उभ्या आहेत. २०११ च्या खानेसुमारींत वसई-विरार महानगरपालिकेची वस्ती १२ लाखांवर गेलेली होती. अंगणाच्या जागीं फरसबंदी आली, तिच्यावर मोटारी उभ्या राहिल्या, आणि चिखल केल्याबद्दल मुलांना तंबी मिळूं लागली. मग आईबाप प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत आणतात. रंगविलेला, पायऱ्यांसकट, महाराजांच्या जागेसकट! त्यांत मुलानें करावयाचें उरतें तें मावळे मांडण्याचें. या तयार किल्ल्याच्या शेजारीं प्लॅस्टिकच्या विटांची पेटी ठेवली, तर पेटीच शंभर वाटांनीं सरस ठरते, हें स्वदेशीच्या अभिमान्यांनींही मान्य करावें. तिच्यांत निदान हात तरी चालतो.

राहिला कल्पनारंजनाचा मुद्दा. ड्रॅगन आणि जादूगार यांनीं मुलांचीं डोकीं बिघडतात काय? मारिया माँटेसरी यांस अद्‌भुत कथा अगदीं लहान वयांत मानवत नसत. जें खरें तें मुलाच्या हातीं आधीं द्यावें, असें त्यांचें मत होतें. त्यांचीच पद्धति गुजराथेंत रुजविणाऱ्या गिजुभाई बधेका यांनीं मात्र मुलांसाठीं गोष्टींचे ढीग लिहिले, आणि त्यांत राक्षस-पऱ्यांना मज्जाव केला नाहीं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ड्रॅगन खोटा आहे हें पक्कें ठाऊक असतें, म्हणूनच त्याला तो आवडतो. तेव्हां भीति ड्रॅगनची नको. किंमतीची मात्र असावी. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० सालीं शेंकडा २० वरून ६० आणि २०२३ सालीं ७० झालें होतें. मोठ्या परदेशी पेटीला कित्येक हजार रुपये पडतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं याच किनाऱ्यावर, आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें, गरिबांच्या मुलांसाठीं बालवाडी काढली, तेव्हां माँटेसरींचीं महागडीं साधनें परवडणें शक्यच नव्हतें. त्यांनीं आणि अनुताई वाघ यांनीं शिंपले, बिया, खडे, पानें आणि माती हींच साधनें केलीं. शाळेंत न येणाऱ्या मुलांसाठीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. मोजणें, जुळविणें, रचणें, यांपैकीं एकाही गोष्टीवांचून त्या मुलांचें अडलें नाहीं.

ज्या घरीं पेटी आलीच असेल, तेथें थोडी व्यवस्था केल्यास ती पुष्कळ दिवस पुरते. तीन वर्षांखालच्या भावंडापासून ती दूर ठेवावी. बारीक तुकडा घशांत अडकतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचें झालें. तें पाहूनच घ्यावी. झांकणावरचा किल्ला एकदां पुस्तिकेप्रमाणें बांधूं द्यावा. त्यांतही शिस्तीचें शिक्षण आहे. मग तो मोडूं द्यावा, आणि पुस्तिका कपाटांत ठेवावी, किल्ला नव्हे. एखाद्या रविवारीं वसईच्या तटावर मुलाला चालावयास लावून एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत पावलें मोजावयास सांगावें, कोन कागदावर काढून आणावा, आणि घरीं येऊन तोच बुरूज विटांनीं करून पाहण्यास बसवावें. चौकोनी विटांना तिरका कोन सहजासहजीं साधत नाहीं. पायऱ्या-पायऱ्यांची कड निघते, नाहीं तर मधें फट राहते. मूल बिजागरीचा तुकडा शोधूं लागतें, तोही पुरत नाहीं. अशा वेळीं गॅलरींतल्या तुळशीच्या कुंडीशेजारीं घमेलेंभर ओली माती ठेवलेली असली, तर कोन तिच्यांत क्षणांत उमटतो, आणि विटांचे दरवाजे व तोफा त्याच मातीच्या तटांत रोंवल्या जातात.