ट्रॉलीचा जॅक



मी सॉफ्टवेअरवाली, पण आज बोलणार आहे डंपिंग ट्रॉलीच्या जॅकवर. आपण पाठ केलेला पास्कलचा नियम धाराशिवच्या शिवारात तिथंच राबतो. एकात एक बसवलेल्या नळ्या. तेलाचा दाब तोच, म्हणून जाड नळी आधी उठते, बारीक शेवटी. व्यास निम्मा झाला, की जोर चौथाई होतो.

हा जॅक सरळ भार पेलतो, आडवा नाही. काळ्या रानात एक चाक रुतलं, ट्रॉली कलली, की नळी वाकते. तेलात धूळ गेली, की सील झिजतं, तेल गळतं.

म्हणून ट्रॉली टणक, सपाट जागीच उचला. दुरुस्तीला खाली शिरायचं असेल, तर ट्रॉली रिकामी करून आधी भक्कम टेकू लावा. सील फुटलं, तर ट्रॉली सावध करत नाही. घरी ट्रॅक्टर असेल, तर ड्रायव्हरदादांना एवढं नक्की सांगा.