सरडगुहिऱ्याचे घर आणि त्याची भूक

(देवणी येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गावाच्या नावाने गाईबैलांची एक जात सबंध हिंदुस्थानात ओळखली जाते, आणि जेथील शेतकरी त्या जातीच्या वान्नेरा, बाळंक्या व शेवरा या प्रकारांतील भेद नुसत्या नजरेने सांगू शकतो, त्या गावात नव्या ठिकाणी आलेल्या जनावराविषयी बोलण्याची संधी मला मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून आणलेला बैल पहिले काही दिवस कडब्याला नीट तोंड लावीत नाही, तेव्हा जाणता माणूस त्याच्यापुढे पेंडीची रास ओतीत बसत नाही. दावण कोठे आहे, शेजारी कोण बांधला आहे, सावली आणि पाणी यांची तजवीज काय, याचा तो आधी विचार करतो. जनावराने अन्न नाकारणे ही पुष्कळदा त्याच्या जागेविषयीची तक्रार असते, हे या व्यवहारामागील सूत्र आहे. आणि तेच सूत्र मला आज सरडगुहिरा (शॅमेलिऑन) या प्राण्यास लावून दाखवावयाचे आहे.

सरडगुहिऱ्याच्या दोनशेहून अधिक जाती जगात आहेत, व त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. आपल्या देशात मात्र त्याची एकच जात असून बाभूळ, बोर, करंज अशा झाडाझुडपांत, बांधावरील दाट कुंपणात तिचे वास्तव्य असते. दोन आणि तीन अशा जुळलेल्या बोटांच्या चिमट्यांनी फांदी धरीत, शेपटीचा विळखा घालीत, वाऱ्याने हलणाऱ्या पानाप्रमाणे पुढेमागे झुलत तो चालतो. त्याचे दोन डोळे दोन निरनिराळ्या दिशांना फिरतात. परंतु एखादा नाकतोडा दृष्टीस पडला की दोन्ही डोळे पुढे वळून त्या एका बिंदूवर स्थिर होतात, तोंड किंचित उघडते, आणि शरीराच्या लांबीहूनही दूर जाणारी जीभ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत भक्ष्यावर आदळते आणि त्यास घेऊन परत येते. इतके नेमके शस्त्र बाळगणारा हा शिकारी पिंजऱ्यात आला म्हणजे समोर किडे फिरत असताही उपाशी राहतो, याचे कारण जिभेत नसून त्याच्या मनःस्थितीत आणि परिसरात शोधले पाहिजे.

युरोप-अमेरिकेत येमेन व सौदी अरेबियाकडील शिरस्त्राणधारी सरडगुहिरा आणि मादागास्करचा पँथर सरडगुहिरा हे पिंजऱ्यातच पैदास करून पाळले जातात. तेथील अनुभवी पालक नव्या प्राण्यास पहिला आठवडा-दोन आठवडे हात लावीत नाहीत. त्यास एकट्यालाच ठेवतात, कारण स्वजातीयाचे नुसते दर्शनही त्याला असह्य होते, आणि आरशातील प्रतिबिंबाचाही त्यास तितकाच उपद्रव होतो. पिंजरा जाळीचा, रुंदीपेक्षा उंचीने अधिक, पूर्ण वाढलेल्यासाठी सुमारे चार फूट उंच असा असतो, आणि तो अशा जागी मांडतात की आतील प्राण्यास माणसाकडे वरून पाहता यावे. वरून येणारी सावली ही त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याची सावली असते. आत जिवंत झाडे इतकी दाट लावतात की वाटेल तेव्हा त्यास दृष्टीआड होता यावे. ज्यास लपण्याची मुभा असते तोच निर्भयपणे बाहेर येतो, आणि बाहेर येतो तोच खातो.

त्यानंतर ऊन. शिरस्त्राणधारी जातीस शेकण्यासाठी एका फांदीवर सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता आणि इतरत्र त्याहून थंड अशी दुहेरी व्यवस्था लागते, कारण शरीर तापल्यावाचून त्यास पचन साधत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे न मिळाल्यास चुना म्हणजे कॅल्शियम अंगी लागत नाही व हाडे मऊ पडून वाकतात. म्हणून घरात वाढणाऱ्या प्राण्यास तशा किरणांचा खास दिवा द्यावा लागतो.

पाण्याविषयी अधिक सावधगिरी हवी. वाटीत साचलेल्या पाण्याकडे हा प्राणी बहुधा पाहतही नाही. पानावर थेंब लोंबत असावा, त्यात प्रकाश चमकावा, मग हा हळूच तोंड पुढे करून तो टिपून घेतो. यासाठी सकाळ-संध्याकाळ पानांवर तुषार शिंपडतात, वा वरून थेंब-थेंब पाणी सोडतात. त्याच्या विष्ठेसोबत पडणारा लघवीचा घट्ट भाग पांढरा असला तर पाणी पुरते, पिवळा वा नारिंगी झाला तर पाणी कमी पडते, असा रोजचा हिशेब पालकाने ठेवावा. डोळे खोल जाणे आणि दिवसा मिटलेले राहणे ही त्याहून गंभीर लक्षणे होत. ती दिसताच पशुवैद्यास गाठावे.

एवढा बंदोबस्त झाल्यावरच अन्नाचा प्रश्न घ्यावा. किडा जिवंत व हालता असावा, आणि त्याचा आकार प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. पिलास रोज आणि प्रौढास एक दिवस आड खाऊ घालतात. रातकिड्यांना आधी हिरवा पाला व गाजर खाऊ घालून मग त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावतात, कारण नुसत्या किड्यांत चुना फार थोडा असतो. उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात ठेवीत नाहीत; ते झोपलेल्या प्राण्यासच कुरतडतात. फवारणी झालेल्या शिवारातून धरलेला किडा तर कधीही देऊ नये.

आता कायद्याचा भाग. आपल्या बांधावरील सरडगुहिऱ्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले असून त्यास पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या यादीत असल्यामुळे, त्या कोणाजवळ असल्यास २०२२ च्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारदप्तरी नोंद करावी लागते. तेव्हा शेतात सापडलेला प्राणी खोक्यात घालून घरी आणणाऱ्या मुलास मी आतापर्यंत सांगितलेली पाळण्याची रीत उपयोगी पडावयाची नाही. परंतु त्या रीतीचा अर्थ मात्र त्यास अवश्य समजावून सांगावा: उंची, दाट पाने, सकाळचे ऊन, दवाचे थेंब, फिरते किडे आणि एकांत, हे जे सगळे परदेशी पालक दिवे, जाळ्या आणि नळ्या लावून मोठ्या खर्चाने उभे करतो, ते आपल्या शिवारातील बोरी-बाभळीच्या कुंपणात फुकट आणि अधिक चांगले आहे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण सहज म्हणतो. पण कुंपणच तोडून तेथे तारा ओढल्या, तर त्याने धावावे कोठे? पावसाळा सरता-सरता मादी अंडी घालण्यासाठी झाडावरून उतरून मऊ माती उकरते. जमिनीवर ती अत्यंत मंद असते, आणि नेमकी त्याच वेळी ती माणसाच्या दृष्टीस पडते. हा प्राणी विषारी आहे या समजुतीने तिच्यावर काठी पडते. वस्तुतः त्यास विष नाही. तो तोंड वासतो, फुगतो, फुत्कारतो व काळवंडतो, ते भयाने. पिकावरील नाकतोडे व अन्य कीटक खाणारा हा जीव शेतकऱ्यास कोणताही उपद्रव करीत नाही.

म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच आहे. सरडगुहिरा रस्त्यावर वा उघड्या रानात दिसला तर त्यास मारू नका आणि घरीही नेऊ नका. लांब काठी पुढे करा, तो तीवर चढेल, आणि मग त्यास जवळच्या झुडपात सोडा. जखमी असल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि या उन्हाळ्यात बांध साफ करताना निदान एका बाजूची बोर-बाभूळ उभी ठेवा. त्या प्राण्याच्या निवाऱ्याची आणि अन्नाची खरी व्यवस्था तेवढीच आहे, आणि ती करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.