मूषकविषावरील निर्बंध आणि जीवदया
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



सुवर्ण महोत्सवाच्या मंगलप्रसंगी उंदराच्या विषाचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कापडाचे गोदाम असो, किराण्याची पेढी असो वा धर्मशाळेचे कोठार, उंदरांचा उपद्रव कोणालाच चुकलेला नाही. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्याच घरच्या दुकानात गाठींच्या मागे विषाची वडी ठेवलेली असते, हेही तितकेच खरे. या विसंगतीचा विचार करताना दूरदेशीचे एक उदाहरण मार्गदर्शक ठरावे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नॉर्थ व्हँकुव्हर येथील स्थानिक परिषदेने २०२० साली स्वतःच्या मालकीच्या जागांत रक्तस्राव घडविणाऱ्या मूषकविषाचा वापर बंद केला. पाठोपाठ इतर गावांनीही तोच मार्ग धरला. खासगी घरादुकानांवर बंदी घालणे त्यांच्या अधिकारात नव्हते. तो अधिकार प्रांताचा होता. म्हणून त्यांनी प्रथम आपले घर आवरले आणि मग प्रांत सरकारकडे आग्रह धरला. जुलै २०२१ मध्ये प्रांताने या वर्गातील अधिक तीव्र विषांवर १८ महिन्यांची बंदी घातली आणि जानेवारी २०२३ पासून कायमचे कडक निर्बंध लागू केले. शेती व काही अत्यावश्यक सेवांना तेवढी सवलत राहिली.

असे का करावे लागले? या विषांचे मूळ वॉरफरिन. अमेरिकेत १९४८ पासून ते उंदरांसाठी वापरात आले. रक्त गोठण्यास लागणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचे कार्य ते रोखते आणि प्राणी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. पुढे काही उंदरांवर त्याचा परिणाम होईनासा झाला, तेव्हा ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकम अशी तीव्र विषे आली. ती यकृतात महिनोन्‌महिने टिकतात. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मंदावलेल्या गतीने फिरत राहतो आणि घुबड, ससाणा, मांजर यांच्या सहज तावडीत सापडतो. म्हणजे जो उंदरांना नैसर्गिक आळा घालतो, त्याच्याच पोटात ते विष जाते. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील ‘पी-२२’ नावाचा पहाडी सिंह २०१४ साली खरजेने जर्जर झालेला आढळला. त्याच्या रक्तात रक्तस्राव घडविणाऱ्या मूषकविषांचे अंश निघाले. त्या राज्यानेही २०२० मध्ये कायदा करून तीव्र विषांवर निर्बंध आणले.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. १८९६ च्या मुंबईतील प्लेगने किती घरे ओस पाडली, हे इतिहास सांगतो. १९९४ मध्ये सुरतेत साथ आली, तेव्हा तेथील कापडबाजार कसा थंडावला, ते जुन्या व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहे. माणसाचे प्राण वाचविणे हीही जीवदयाच होय. मात्र प्लेग पसरविते ती पिसू. उंदीर मेला की ती नवे शरीर शोधते. म्हणून साथीच्या काळात पिसवांचा बंदोबस्त आधी करतात. नुसते विष पेरणे आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

जैन आचारात हिंसा करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार आहे. स्वतः विषाला हात न लावता दरमहा पैसे देऊन दुसऱ्याकडून ते टाकविणारा व्यापारी दुसऱ्या पायरीवर उभा असतो. पावती कंत्राटदाराच्या नावाची असली, तरी खतावणीत खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

उपाय साधे आहेत, पण त्यांना नित्याची निगा लागते. पाव इंचाच्या फटीतून लहान उंदीर आणि अर्ध्या इंचाच्या भोकातून घूस सोडल्यास मोठा उंदीर आत शिरतो; ती भोके सिमेंटने व लोखंडी जाळीने बुजवावीत. दाराच्या तळाशी पत्रा ठोकावा. गाठी भिंतीपासून दूर, उंच फळ्यांवर रचाव्यात. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, तसे खरकटेही आटोपावे. कारण उंदीर रात्री चरतो. चिकट फळी वापरू नये. तिच्यावर जीव तासन्‌तास तडफडतो. अन्न आणि आसरा कायम राहिला, तर मेलेल्या उंदरांची जागा नवे घेतात, कारण मादीला पिल्ले होण्यास जेमतेम तीन आठवडे लागतात. विषाचा खर्च दरवर्षीचा, भोक बुजविण्याचा एकदाच.

त्या परदेशी परिषदेने सुरुवात स्वतःच्या इमारतींपासून केली. मंदिर, धर्मशाळा, पाठशाळा आणि भोजनशाळा या ट्रस्टच्या वास्तूंत विष ठेवले जाणार नाही, असा ठराव पन्नासाव्या वर्षी झाला आणि त्यासोबत दुरुस्तीसाठी रक्कमही मंजूर झाली, तर महोत्सवाची ती चिरंतन खूण ठरेल. पेढ्या आणि घरे त्याचे अनुकरण केल्याशिवाय राहणार नाहीत.

जय जिनेंद्र!