दहावीच्या आधीच हाताला तंत्र हवे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



आज आम्ही पोटापाण्याविषयी बोलणार आहोत. कुणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? पण तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. तेव्हा हा प्रश्न धम्माच्या बाहेरचा नाही.

बाबासाहेबांनी तो फार आधी ओळखला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला निवेदन दिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने भागणार नाही, विज्ञान आणि तंत्राचे शिक्षण हवे, आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने शिष्यवृत्त्या द्या, अशी त्यांची मागणी होती. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. पुढे १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. दार उघडले आहे. प्रश्न आत जाण्याच्या तयारीचा आहे.

आपली मुले मोबाईल सफाईने चालवतात, पण मोबाईल चालवणे म्हणजे तंत्र येणे नव्हे. दहावी झाली की घरात 'आता पुढे काय?' सुरू होते. मग कुणी 'नोकरीची हमी' देणारा क्लास गाठतो आणि आई डोरले गहाण टाकते. बाबांनो, पैसे भरण्याआधी एवढेच विचारा, प्रमाणपत्र कोण देणार? सरकारमान्य आहे का? हमी लेखी देता का?

रस्ता आहे, आणि तो फार महागही नाही. सरकारी आयटीआयमध्ये दहावीनंतर 'कोपा' हा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड आहे. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दोन वर्षांचा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. ज्याला गणित जमते त्याने तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घ्यावी. टंकलेखनाची सरकारी परीक्षा आता संगणकावर होते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग लिपिकाच्या भरतीत उपयोगी पडतो. मात्र नुसत्या डेटा एन्ट्रीवर विसंबू नका. ते काम आता यंत्रच करू लागले आहे. बिघाड शोधणारा हात मात्र लागतोच.

म्हणून तयारी आठवीपासून हवी. आमची सूचना अशी की विहाराचा हॉल रविवारी दोन तास द्यावा. आठवीत दहा बोटांनी टायपिंग. नववीत एखादा जुना, बंद पडलेला संगणक मुलांनी स्वतः खोलावा. वायर काढून, रॅम काढून पुन्हा बसवावी. नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारा रंगांच्या ठरलेल्या क्रमाने लावून टेस्टरवर तपासाव्यात. एक तार चुकली तर केबल नापास. कार्यकारणभाव यापेक्षा सोपा कसा शिकवणार? दहावीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे निकालाआधी तयार ठेवावीत. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते, आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

आणि मुलींना मागे ठेवू नका. 'पोरीच्या जातीला स्क्रू-ड्रायव्हर कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालताना जरा विचार करावा.

एक शेवटचे. दुरुस्तीला आलेल्या फोनमध्ये माणसाचे घर असते, फोटो, निरोप, बँकेचा हिशेब. न दिलेले घेणार नाही, हे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. ते या कामात रोज पाळावे लागते. हात कुशल आणि शील शाबूत असेल, तर गिऱ्हाईक आपल्या पोरांचा पत्ता विचारत येईल.

पुढच्या रविवारी पालकांनी मुलांना घेऊन यावे. ज्यांच्या घरी जुना संगणक धूळ खात पडला असेल, त्यांनी तो विहाराला दान द्यावा. तेही दानच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!