दवाखान्याचा आराखडा आणि आपली कर्जाची वही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवताईंनी केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

मागं बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांची आणि आरोग्य खात्यातल्या मॅनेजर लोकांची दोन दिवसांची कार्यशाळा झाली, तिथं प्रभागसंघाच्या वतीनं आम्ही दोघी गेलो होतो. तिथं काय झालं ते सभेला सांगा, असं ठरलंय. आता तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात असेल की डॉक्टर लोकांच्या बैठकीत आपलं काय काम? खरं म्हणजे अशा बैठकीचं बोलावणं आपल्या गटांना याआधी एकाच कामासाठी यायचं, चहा-नाश्त्याच्या ऑर्डरीसाठी. शंभर माणसांचे पोहे करायचे, भांडी उचलायची, बिल द्यायचं आणि घरी यायचं. या वेळी पोहे दुसऱ्या गटानं केले आणि आम्ही खुर्चीवर बसलो. (बिल वेळेवर मिळालं पाहिजे, ते मी जाताना सांगून आले.)

तिथं कोण कोण होतं? जिल्हा आरोग्य अधिकारी, सगळे तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, कार्यक्रम व्यवस्थापक, हिशोब बघणारे आणि आकडे भरणारे. सगळं बोलणं एका आराखड्याभोवती फिरत होतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून जिल्ह्याला जो पैसा येतो, त्यासाठी आधी आराखडा करून पाठवावा लागतो. तिथले लोक त्याला 'पीआयपी' म्हणतात. खालून आकडे गोळा होतात, तालुक्याला जुळतात, जिल्ह्याला बांधतात, मुंबईला जातात, तिथून दिल्लीला. मंजूर झालं की शंभरातले साठ रुपये केंद्राचे आणि चाळीस राज्याचे. अलीकडं हा आराखडा दोन वर्षांचा एकदम करतात. मधे पुरवणी मागणी घालता येते म्हणा, पण मुख्य यादीत जे आलं नाही त्याच्यामागं कोण लागणार?

आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. आपण बँकेच्या कर्जासाठी गटाचा आराखडा करतो तसंच आहे. प्रत्येकीला विचारतो, तुला कशाला हवेत, किती हवेत. जी बैठकीला आली नाही, तिची गरज लिहिली जात नाही. नंतर ती म्हणते, मला का नाही मिळालं? वहीत नाव नाही, म्हणून नाही मिळालं.

आता दवाखान्याच्या आराखड्यात वही कोणती, ते बघा. ती वही म्हणजे रजिस्टर. ओपीडीला किती आले, गरोदर बायांची नोंद किती झाली, बाळंतपणं किती, लसी किती. त्याच्यावरून पुढचं ठरतं. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की तिथं जे पडद्यावर दाखवत होते, ते सगळं दवाखान्यापर्यंत पोचलेल्या माणसांचं होतं. जी बाई उंबऱ्याच्या आतच दुखणं काढते, ती त्या पडद्यावर नव्हतीच.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांत बायांची तपासणी केली होती. गावातल्या साडेसहाशे बाया तपासल्या, दुखतंय म्हणून आलेल्या तेवढ्याच नाही. त्यात शंभरात ब्याण्णव जणींना स्त्रियांचा काही ना काही आजार निघाला. पांढरं जाणं, पाळीचा त्रास, आतली सूज. आणि याआधी असली तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात आठ. १९८९ साली 'लॅन्सेट' नावाच्या डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकात हे छापून आलं, तेव्हा जगभरातल्या डॉक्टरांना धक्का बसला. दवाखान्याच्या रजिस्टरवर गेलं असतं, तर त्या गावांत बायांना हा आजारच नाही असं म्हणावं लागलं असतं.

त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. आज आपल्याकडं काय वेगळं आहे? अंग बाहेर येतं म्हणून वर्षानुवर्षं कमरेला धडपा बांधून शेतात वाकणाऱ्या बाया आपल्या गटात नाहीत? हात वर करायला सांगत नाही. ज्या त्या बाईला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी दुपारी आम्हाला बोलायला पाच मिनिटं दिली. मी भाषण केलं नाही. आमच्या ग्रामसंघातल्या गटांच्या कर्जाच्या वह्या आम्ही आधी बसून चाळल्या होत्या. कर्ज कशासाठी घेतलं, असा एक रकाना प्रत्येक वहीत असतो. त्यात 'दवाखाना' हा शब्द किती वेळा येतो ते आम्ही मोजलं होतं. शेतीच्या खालोखाल तोच निघाला. मग बायांना विचारून पुढचं लिहिलं: दवाखाना म्हणजे कोणता, आजार काय, पैसे नेमके कशाला गेले. तो कागद मी वाचून दाखवला.

तेव्हा मागच्या ओळीतले एक तरुण डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हे तुमच्याकडं लिहिलेलं असतं?" मी म्हटलं, असतं. दर आठवड्याला लिहितो. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, पण त्याच्या आधीपासून लिहितो, कारण पैशाचा हिशोब आहे.

त्यांना नवल वाटलं ते यासाठी की, त्यांच्या हिशोबानं सरकारी दवाखान्यात पैसे लागतच नाहीत. त्यांचंही चूक नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझेरियन फुकट, औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं फुकट. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत त्याचाही इलाज फुकट. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचे पैसेसुद्धा घेत नाहीत. मग कर्ज कशाला लागतं? रात्री गाडी आली नाही म्हणून भाड्याची जीप केली त्याला. औषध संपलंय, बाहेरून आणा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं त्याला. सोबत गेलेल्या माणसाचा रोज बुडाला त्याला. आणि तीनदा हेलपाटा मारूनही डॉक्टर भेटले नाहीत, म्हणून शेवटी खाजगीत गेलो त्याला. यातला एकही रुपया सरकारी रजिस्टरात येत नाही. तो येतो आपल्या वहीत, दोन टक्के व्याजासकट.

दुसरी गोष्ट अंतराची. उपकेंद्र कुठं असावं याचा नियम लोकसंख्येवर आहे. सपाटीला ५,००० माणसांमागं एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागं एक. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ला, डोंगरात २०,००० ला. कागदावर बरोबर आहे. पण नकाशावरचा ओढा पावसाळ्यात नकाशाएवढा राहत नाही. आमच्यासोबतच्या ताईंनी विचारलं, ज्या वाडीचा रस्ता जून ते सप्टेंबर तुटतो, तिथल्या नऊ महिने भरलेल्या बाईनं काय करायचं? तेव्हा व्यवस्थापक मॅडमनी माहेरघराचं सांगितलं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत काही आरोग्य केंद्रांच्या आवारात अशी खोली असते. दिवस भरत आले की बाईनं चार दिवस आधी येऊन राहायचं, जेवणखाण तिथंच. आपल्याकडं ती नाही. पण मागितल्याशिवाय ती आराखड्यात यायची कशी? किती वाड्या तुटतात, तिथं या पावसाळ्यात किती बाया भरलेल्या असतील, हे आशाताईंच्या वहीत आहे. ते एका कागदावर आलं पाहिजे, एवढंच.

थोडं डॉक्टरांच्या बाजूनंही बोलते, कारण आपण नुसती भांडायला जातो असं कुणी म्हणू नये. जेवताना एका डॉक्टर मॅडमशी बोलणं झालं. त्यांच्याकडं नर्सच्या जागा रिकाम्या, एक डॉक्टर रजेवर, आणि रोज भरायचे तक्ते इतके की पेशंट बघू का तक्ते भरू, असं त्या म्हणाल्या. पैसा उशिरा येतो आणि मार्चअखेर खर्च करा म्हणून फोन येतात, असं हिशोबवाले दादा सांगत होते. हे ऐकल्यावर माझं मत असं झालं की चांगल्या डॉक्टरलाही आपला कागद हवाच असतो. रिकामी जागा भरा, असं डॉक्टरनं लिहिलं तर ती खात्यातली तक्रार. ग्रामसभेच्या ठरावासकट गावानं लिहिलं तर ती मागणी.

आणि हा आपला आगाऊपणा नाही बरं का. १९७८ साली सोव्हिएत देशात अल्मा-आटा इथं १३४ देशांची आरोग्य परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात आहे की आपल्या आरोग्याचं नियोजन करण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. त्याच्या आधी, १९७० पासून, आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या कमी शिकलेल्या, काही तर अंगठा लावणाऱ्या बायांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं होतं. आणि २००७ साली महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकांनी दवाखान्यावर देखरेख करायची, असं काम अभियानातूनच सुरू झालं. गावानं आपल्या दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. औषध बाहेरून का लिहून देता, पैसे का मागता, हे प्रश्न बायांनी माईकवर विचारले. शिव्या न देता, तारखा आणि चिठ्ठ्या दाखवून.

आपल्या हातात आज काय आहे, ते सांगते. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते. नियमाप्रमाणे तिच्यात निम्म्या तरी बाया पाहिजेत, आणि बचत गटाची बाई त्यात बसू शकते. या समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा निधी असतो आणि तो कशावर खर्चायचा हे समितीनं ठरवायचं असतं. तुमच्या गावची समिती कोणाकोणाची, शेवटची बैठक कधी झाली, पासबुकात किती आहेत? पुष्कळ गावांत नावं आहेत आणि ज्यांची नावं आहेत त्यांनाच माहीत नाही. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिथंही हेच विचारायचं.

दुसरं, आपला स्वतःचा आराखडा. ग्रामसंघ दरवर्षी गावाचा दारिद्र्य निर्मूलन आराखडा करून ग्रामसभेला देतो. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीच्या आराखड्याचं काम सुरू होतं. आपण त्यात घरकुल, विहीर, शिलाई मशीन सगळं लिहितो आणि आरोग्याच्या पानावर 'आरोग्य शिबिर घ्यावे' एवढं लिहून मोकळ्या होतो. शिबिर एक दिवसाचं. त्या पानावर लिहायचं तर असं लिहा: उपकेंद्रात सिस्टर आठवड्यातून कोणते वार असतात, कोणते असायला हवेत. बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या महिन्यात संपल्या होत्या. बाई डॉक्टरची तपासणी महिन्यातून एकदा तरी ठरल्या दिवशी व्हावी. आधी महिला सभेत ठेवा, मग ग्रामसभेत, ठराव प्रोसिडिंगवर येईपर्यंत उठू नका, आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं देऊन पोच घ्या. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असं समजा.

एक ताकीद मात्र आहे. वहीतून मोजताना बाईचं नाव बाहेर जाता कामा नये. कोणाला काय आजार, हे गटात विश्वासानं सांगितलेलं असतं. कागदावर फक्त आकडा, आजार आणि खर्च. वाडी लहान असेल आणि आकड्यावरून बाई ओळखू येणार असेल, तर दोन वाड्यांचं एकत्र लिहा. हे पाळणार नसलो, तर हे काम न केलेलं बरं.

कार्यशाळेच्या शेवटी तालुक्याचे साहेब म्हणाले की बाकीच्या ग्रामसंघांचाही असा कागद मिळाला तर तालुक्याच्या आराखड्याला जोडू. जोडतात की नाही ते पुढं कळेल. पण आपल्याकडून कागद गेला नाही, असं व्हायला नको.

म्हणून आम्ही एक फॉर्म केलाय, चार रकान्यांचा. मागच्या वर्षभरातली दवाखान्याची कर्जं किती, कोणत्या दवाखान्यासाठी, आजार काय, पैसे कशाला गेले. पुढच्या दोन आठवडी बैठकांत बुक-कीपर ताईंनी वही घेऊन तो भरायचा, आशाताईंना सोबत बसवायचं आणि ग्रामसंघाच्या मासिक बैठकीला आणायचा. लिहिता येत नाही अशा ताईंनी तोंडी सांगायचं, लिहिणारी लिहील. फॉर्म तिकडं चहाच्या टेबलाशेजारी ठेवलेत. गटाला एक, जास्त नेऊ नका, झेरॉक्स मोजून काढल्यात.